गाडीत वायरलेस बसवताना: आधी टप, मग तार, शेवटी रेडिओ

माझं माहेर भोरचं. दादा तिथेच असतो, मी कर्वेनगरला. आम्हा दोघांकडेही हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना आहे. वरंधा घाटाकडे निघालं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने मोबाइलची रेंज येते-जाते आणि पावसाळ्यात दरड आली तर रस्ता कुठे अडलाय हे सांगायला कोणी भेटत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ मध्ये भुजला हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले होते, हे परवान्याच्या अभ्यासात वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या गाडीत रेडिओ हवा, आणि तो नीट बसवलेला हवा.

माझी गाडी जुनी वॅगनआर. तिच्यात दोन मीटर बँडचा, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ चालणारा, ५० वॉटचा रेडिओ आहे. तो दोनदा बसवला. पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये बसवून घेतला, दुसऱ्यांदा स्वतः, दोन रविवार घालवून. खाली लिहिलंय ते दुसऱ्या वेळचं.

परवान्याचं आधी. टपावर अँटेना लावून बोलायचं तर केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची अट १२ वर्षं पूर्ण एवढीच. परवाना हातात येण्याआधी रेडिओ विकत घेऊ नका. परवाना घराच्या पत्त्यावर मिळतो, तेव्हा गाडीतून बोलण्याबद्दल आणि ताकदीबद्दल त्यावर ज्या अटी आहेत त्या शब्द न् शब्द वाचा, आणि एक प्रत गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा. नाकाबंदीत माइक दिसला की विचारणा होते. कागद दाखवला की प्रश्न तिथेच मिटतो. ४४६ मेगाहर्ट्झवरचे छोटे वॉकीटॉकी बिनपरवान्याचे असतात, पण ते कमी ताकदीचे आणि स्वतःच्याच अँटेनावर चालवायचे. त्यांना टपावरचा अँटेना जोडायचा नसतो.

आता कामाला लागू. बहुतेक जण आधी रेडिओ कुठे ठेवायचा ते ठरवतात, मग जमेल तिथे अँटेना चिकटवतात. मी उलट सांगेन. आधी टपावर चढा.

साधा पाव तरंगलांबीचा अँटेना म्हणजे एक सरळ काडी. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरच्या थोडी वर, तिचा पाव भाग साधारण ५२ सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षात काडी ४९ च्या आसपास कापावी लागते. पण काडी म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा. काडीच्या चारही बाजूंना जवळपास अर्धा मीटर पत्रा मिळाला तर ती सगळीकडे सारखी बोलते. कडेला लावली तर ज्या बाजूला पत्रा जास्त तिकडे जोर जातो. माझा अँटेना गॅरेजवाल्याने मागच्या दाराच्या कडेवर लावला होता, कारण तिथे केबल कमी लागत होती. मी भोरकडे जाताना दादाला स्वच्छ ऐकू यायचे आणि पुण्याकडे परतताना खरखर सुरू व्हायची. म्हणून अँटेना टपाच्या बरोबर मधोमध. सनरूफ असेल तर मधोमध काचच येते, तेव्हा काचेच्या मागच्या पत्र्यावर जेवढा मध्य सापडेल तेवढा घ्या.

मी टपाला भोक पाडलं नाही. भोक पाडून बसवलेला माउंट, म्हणजे अँटेना धरणारी बैठक, सगळ्यात भक्कम हे खरं, पण गाडी विकताना आणि पावसात त्याची काळजी वाहावी लागते. मी चुंबकाचा माउंट वापरते, १२ सेंटिमीटर व्यासाचा. त्याहून लहान चुंबक एक्स्प्रेसवेच्या वाऱ्यात सरकतो. चुंबकाचं तळ आणि टपाचा पत्रा यांच्यामध्ये फक्त रंग राहिला पाहिजे. दोघे मिळून कपॅसिटर होतात, म्हणजे धातू धातूला न टेकताही रेडिओचा करंट पलीकडे जातो, आणि अर्थिंग त्यातूनच मिळतं. रंग खराब होईल म्हणून खाली फडकं घालणारे पाहिलेत. तसं करू नका. हवं तर गाड्यांच्या रंगावर लावतात ती पातळ पारदर्शक फिल्म तेवढ्या जागेवर लावा. चुंबक ठेवण्याआधी जागा ओल्या कापडाने पुसून कोरडी करा, काढताना ओढू नका, एक कड उचलून सरळ वर घ्या. पुण्यात बांधकामांची धूळ एवढी आहे की चुंबकाखाली लोखंडाचा कीस जमतो आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस वर्तुळ उमटतं. मी दर आठवड्याला गाडी धुताना माउंट उचलून दोन्ही बाजू पुसते.

मोठ्या, सव्वा मीटरच्या अँटेनाचा मोह होतो. सपाट मुलखात तो लांब पोहोचतो, कारण ताकद क्षितिजाकडे दाबतो. आपल्या घाटात समोरचा डोंगरच क्षितिजाच्या वर असतो, तिथे वरच्या बाजूलाही थोडी ताकद सोडणारी छोटी काडी मला जास्त उपयोगी पडली. शिवाय छोट्या काडीसकट माझ्या गाडीची उंची २.२ मीटरच्या आसपास राहते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना उतरून काडी काढावी लागत नाही.

केबल मागच्या दाराच्या वरच्या रबरातून, बिजागरीजवळून आत आणली. तिथे दार कमी दाबतं. बाहेरच्या बाजूला केबलला खाली झुकणारा एक झोल ठेवा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, केबलवरून आत वाहत नाही. आत छताच्या कापडाखालून नेताना खिडक्यांवरच्या आणि खांबांतल्या पडदा-एअरबॅगच्या पुढून केबल कधीही नेऊ नका. ती फुगते तेव्हा वाटेत आलेली प्रत्येक गोष्ट माणसावर फेकते. मी केबल मागच्या खांबाच्या तळाशी उतरवून दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे आणली. आरजी-५८ केबल (मधोमध तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक आणि वर जाळी) पाच मीटर असेल तर या बँडवर साधारण पाचवा हिस्सा ताकद तिच्यातच जिरते. म्हणून लागेल तेवढीच ठेवा आणि जास्तीची गुंडाळून सीटखाली कोंबण्याऐवजी कापून नवा पीएल-२५९ कनेक्टर लावा. कनेक्टरला सोल्डरचा डाख देताना सोल्डरिंग आयर्न तापलेली हवी. थंड आयर्नने वेळ लावलात तर आतलं प्लॅस्टिक वितळून मधली तार जाळीला टेकते. डाख दिल्यावर मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा.

आता ज्या गोष्टीने मला खरा त्रास दिला, ती तार. गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं, "ताई, लायटरमधूनच घ्या की, कशाला एवढी उघडाउघड?" मी ऐकलं, रेडिओची वीज सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधून घेतली. महिनाभर दादा सांगत राहिला, "तुझं वाक्य सुरू होतं चांगलं आणि शेवट गळपटतो." एके दिवशी मल्टिमीटर घेऊन बसले. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. माइकचं बटण दाबलं की रेडिओच्या टोकाला ११.४. बहुतेक मोबाइल रेडिओंवर १३.८ व्होल्ट, १५ टक्के इकडेतिकडे, असं लिहिलेलं असतं, म्हणजे ११.७ च्या खाली त्याची खात्री कोणी देत नाही. ५० वॉट सोडताना रेडिओ १०-१२ अँपिअर ओढतो. लायटरची वायर मोबाइल चार्ज करायला पुरते, तिथे हा भार म्हणजे सॉकेट गरम होणारच.

हिशेब तुम्हीच करून बघा. बॅटरीपासून सीटखालच्या रेडिओपर्यंत माझ्या गाडीत साडेतीन मीटर, येणं-जाणं मिळून सात. ११ अँपिअरला एक एमएमच्या (दुकानातला एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरीत १.३ व्होल्ट गळतात, अडीच एमएममध्ये अर्धा, चार एमएममध्ये ०.३. मी चार एमएमची, बारीक तारांची लवचीक वायर घेतली, लाल आणि काळी. फ्यूज होल्डर, लग (वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी कडी) आणि कनेक्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाले, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात. वायर घेताना टोक सोलून बघा. तांबं मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण सुरीने खरवडलं की आतून पांढरी निघते. ती नको.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा, जोडताना ती सर्वात शेवटी. १० चा पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर ठिणगी मोठी उडते.

लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज रेडिओचं रक्षण करतो असं अनेकांना वाटतं. इथे तो वायरीसाठी आहे. वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो, पण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा उघडाच राहतो, म्हणून तो आखूड हवा. होल्डर झाकणाचा, पाणी न शिरणारा घ्या. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या टोकाला थेट लावू नका. नव्या गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला बगल दिली की गाडीचा हिशेब चुकतो. बॅटरीची स्वतःची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने बसवलेली असते, तिथेच लग लावा. रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करून वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत न्यायला बहुतेक गाड्यांत आधीच रबरी ग्रोमेट असतं. त्यातून जाड तार ओवून तिच्या मागे वायर ओढा. नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला ग्रोमेट हवाच, धारदार पत्रा महिन्याभरात इन्सुलेशन कापतो. वायर एक्झॉस्टपासून आणि पेडलच्या हालचालीपासून दूर, दर वीतभरावर बांधलेली.

रेडिओ मी शेजारच्या सीटखाली ठेवला. तिथला बादलीसारखा कप्पा काढला आणि ब्रॅकेटला दोन बोल्ट मारले. हवा खेळायला चारी बाजूंना बोटभर जागा हवी. डिस्प्लेचं तोंड रेडिओपासून सुटं करता येतं, ते एसीच्या जाळीखाली, एअरबॅगच्या झाकणापासून दूर लावलं. स्पीकर वेगळा लावलात तर कानाला सुखाचं होतं.

अँटेना जोडल्याशिवाय माइक दाबू नका; परत आलेली ताकद आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाळते. मोकळ्या जागी, झाडं-भिंतींपासून दूर गाडी लावा, दारं आणि बॉनेट बंद करा, मध्ये एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) घाला आणि कमी ताकदीवर १४४, १४५, १४६ असे तीन आकडे घ्या. बोलण्याआधी चॅनल मोकळा आहे का ऐका आणि आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, सांगा. १४४ वर आकडा सर्वात कमी आला तर काडी लांब आहे, दोन-तीन मिलिमीटर कापा आणि पुन्हा मोजा. १४६ वर कमी आला तर आखूड झाली आहे, म्हणून कापताना घाई नको. १.५ च्या खाली आलं की थांबा, तिथे चार टक्केच ताकद परत येते. मापताना कोणी काडीला हात लावणार नाही याची काळजी घ्या, चटका बसतो. पेट्रोल पंपावर रेडिओ पूर्ण बंद.

शेवटचा त्रास आवाजाचा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. काळी वायर नीट पत्र्याला लागली आहे का ते आधी बघा, माझी तिथेच गेली. सतत सळसळ येत असेल तर इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि एकेक वस्तू काढत जा. माझ्या गाडीत दोषी निघाला डॅशकॅमचा चार्जर. त्याच्या वायरीवर सळसळ अडवणारी फेराइटची कडी बसवली, तरी पुरलं नाही, मग चार्जरच बदलला.

सगळं झाल्यावर माइक दाबून मोजलं तेव्हा रेडिओच्या टोकाला १३.७ व्होल्ट. त्याच रविवारी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडले, शिवापूर मागे टाकलं आणि कापूरहोळ फाट्यावर गाडी कडेला घेऊन दादाला हाक दिली. चालवताना माइक हातात घेत नाही, हा आमचा घरचा नियम. तो म्हणाला, "शेवटचा शब्दही आला गं. आई शेजारी बसलीय, तिला ऐकू येतंय."

आता मे संपता संपता मी अँटेनाच्या बुडाचा कनेक्टर उघडून बघते. जाळी हिरवी पडली असेल तर तो तुकडा कापून नवा कनेक्टर लावते, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळते, खालून वर, म्हणजे पाणी थरांवरून घसरतं. बोल्ट आणि लग हाताने हलवून बघते. एवढं झालं की भोरच्या पावसाला मी तयार असते.