वस्तीचा हवामान-धोका मोजताना या चुका टाळा

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर कुलाब्यात जेमतेम 74. मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला, याचं एक उत्तरच नव्हतं. तरीही हवामान बदलाचा धोका मांडायला बसलं की आपण आधी अख्ख्या शहराचा एक आकडा शोधतो. पहिली चूक तीच.

मग त्यावर उपाय म्हणून वॉर्डनिहाय आकडे काढले जातात. ही चूक जास्त फसवी. एम पूर्व वॉर्ड घ्या. अणुशक्तीनगरची झाडीतली वसाहत याच वॉर्डात आणि देवनारच्या कचरा डम्पिंगला टेकलेलं शिवाजीनगरही याच वॉर्डात. दोन्हींची सरासरी काढून जे घर तयार होतं, तसं घर तिथे कुठेच नसतं. म्हणून गल्लीपर्यंत उतरा. नाल्याच्या तोंडाशी असलेली गल्ली आणि चार गल्ल्या वरची गल्ली यांत गुडघाभर पाण्याचा फरक पडतो. जुन्या रहिवाशांना भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा, कुठवर चढलं होतं ते.

सर्व्हे सकाळी अकराला करू नका. हे मी स्वतः चुकून शिकले. घरकामाला जाणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे मजूर तेव्हा घरी नसतात. एका वस्तीत दिवसा विचारलं, उकाड्याचा त्रास होतो का? "सवय झालीय" एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा गेले ती रात्री साडेनऊला. एका ताईंनी मला शिडीने पोटमाळ्यावर चढवलं. खाली नुकताच स्वयंपाक झालेला, वर खिडकी नाही, डोक्याला पत्रा लागत होता. दोन मिनिटांत पाठ भिजली. त्या माळ्यावर तिघांचं भाडेकरू कुटुंब राहत होतं आणि आमच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता! घर एक, कुटुंब एक, असं आम्ही धरून चाललो होतो. पावसात सामान भिजतं ते भाडेकरूचं, पण कागद असतात मालकाच्या नावाने. भाडेकरू मोजले नाहीत, तर मदतीच्या यादीतही ते येत नाहीत. 2011 च्या जनगणनेवर विसंबलात तर वरचे वाढीव मजलेही हुकतात.

पूर, उष्मा, दरड यांचे गुण एकत्र करून एकच क्रमांक लावणं सोयीचं वाटतं, पण त्यात एक धोका दुसऱ्याआड लपतो. 18 जुलै 2021 ला चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीत भिंत व दरड कोसळून माणसं गेली. उतारावर पाणी तुंबत नाही. पुराच्या नकाशावर अशी वस्ती सुरक्षितच दिसते. तिन्ही नकाशे वेगळे ठेवा. सार्वजनिक शौचालय 'आहे' म्हणून गुण देऊ नका, तुंबलेल्या पाण्यातून रात्री बाई तिथवर जाऊ शकते का, ते विचारा.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची. नकाशावर लाल झालेली वस्ती म्हणजे हटवायची वस्ती, असं समजलं जातं. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं चेंबूरजवळच्या माहुलला हलवली गेली, तिथे शेजारी रिफायनरी. एका धोक्यातून निघून लोक दुसऱ्या धोक्यात गेले. त्या हवेत जाण्याची सक्ती करू नका, दुसरं घर देता येत नसेल तर भाडं द्या, असं 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा स्थलांतर सुचवण्याआधी जिथे पाठवणार त्या जागेचंही याच फॉर्मवर मूल्यमापन करा: तिथली हवा, पाणी, दवाखाना, कामाच्या ठिकाणापर्यंतचं बसभाडं. आणि नकाशा पालिकेत देण्याआधी त्याच गल्लीत भिंतीवर लावा, मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरांत. खुणा चुकल्या असतील तर तिथली माणसं उभ्या उभ्या दुरुस्त करून देतात.