क्रेस्टेड आणि व्हेरिगेटेड कॅक्टस कोकणात कसे वाढवावेत

कोकणात कॅक्टस जगत नाहीत, हे खरं नाही. ज्यांचे मरतात त्यांनी बहुतेक वेळा घाटावरचा सल्ला जसाच्या तसा पाळलेला असतो. ‘पंधरा दिवसांतून एकदा पाणी, भरपूर ऊन, कोकोपीट आणि वाळू’ हे पुण्या-नाशिकच्या गच्चीवर चालत असेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघडीप मिळाली तरी हवेतली ओल हटत नाही. इथं कॅक्टस उन्हानं क्वचित मरतो. तो मरतो मुळाशी साचलेल्या ओलीनं.

त्यातही क्रेस्टेड आणि व्हेरिगेटेड झाडं मुळात नाजूक. क्रेस्टेड झाडात वाढीचा शेंड्यावरचा बिंदू पसरून रेघ होतो, म्हणून खोड पंख्यासारखं रुंद होत जातं आणि पुढे त्याला वळ्या पडतात. मॉन्स्ट्रोज प्रकारात खोडावरच्या उभ्या धारा (कंगोरे) तुटतात आणि वाढ वाटेल तिथून फुटते. व्हेरिगेटेड झाडात काही भागांत हरितद्रव्यच नसतं, म्हणून पिवळे, गुलाबी, लाल पट्टे दिसतात. हिरवा भाग जितका कमी, तितकं अन्न कमी आणि तितकी मुळं दुबळी. असं झाड स्वतःच्या मुळांवर कोकणातला पावसाळा काढील, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला दणकट खुंट, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते मुळं धरलेलं खालचं झाड, द्यावा लागतो. कोकणासाठी तो खुंट ड्रॅगनफ्रूटचा, हे माझं ठाम मत आहे.

अपवाद आहेत. मॉन्स्ट्रोज सेरियस, ‘फेअरी कॅसल’ नावानं मिळणारा सेरियस, मिर्टिलोकॅक्टसचा क्रेस्ट आणि पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांचा फड्या निवडुंग हे स्वतःच्या मुळांवर चांगले वाढतात. नवख्या माणसानं सुरुवात यांच्यापासूनच करावी.

झाड घेताना

पावसाळ्यात घेऊ नका. काट्यांना रंग फासलेले आणि डोक्यावर डिंकानं सुकं फूल चिकटवलेले कॅक्टस सोडून द्या. क्रेस्टच्या वळ्यांत कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण आहे. असं झाड फुकट मिळालं तरी घरी आणू नका. व्हेरिगेटेड झाडात निम्मं हिरवं, निम्मं रंगीत असलेलं निवडा. नर्सरीत सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं ते पूर्ण लाल किंवा पूर्ण पिवळं जिम्नोकॅलिशियम. 1940 च्या दशकात जपानमध्ये तयार झालेलं हे झाड हरितद्रव्याविना जन्मतं आणि खुंटाशिवाय एक दिवसही स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. ते घ्यायचं तर नवीन खुंटावर पुन्हा कलम करावं लागणार, हे धरूनच घ्या.

त्याच ट्रेमध्ये पंख्यासारखी पसरलेली, राखाडी-हिरवी, लाल किंवा गुलाबी कडेची क्रेस्टेड युफोर्बिया ‘कॅक्टस’ म्हणून ठेवलेली असते. ती कॅक्टस नाही. टोचलं की पांढरा चीक येतो, ही ढोबळ ओळख. तिचं कलम ड्रॅगनफ्रूटवर कधीच धरत नाही, कारण दोघांची कुळंच वेगळी. तिला युफोर्बियाचाच खुंट लागतो. तो चीक डोळ्यांत गेला तर डोळा गंभीर दुखावतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय तिला कापू नका.

परदेशातून पार्सलनं गुपचूप मागवायच्या भानगडीत पडू नका. जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि झाडं आणायला परवाना व रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगच्या नर्सऱ्यांपासून आपल्याकडच्या संग्राहकांपर्यंत देशातच भरपूर मिळतं.

माती आणि कुंडी

नर्सरीतलं कोकोपीट मुळांपासून पूर्ण काढून टाका. जांभ्याचा चुरा आपल्याकडे चिरेखाणीवर पडलेला असतो. तो चाळून ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे खडे घ्या आणि लाल गढूळ पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा. न धुतलेला चुरा पहिल्याच पावसाळ्यात चिखल होऊन बसतो. तीन भाग हा चुरा, एक भाग प्युमिस किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र खडे), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, थोडा कोळशाचा चुरा. समुद्राची किंवा खाडीची वाळू कितीही धुतली तरी वापरू नका. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही नको. पावसाचं साठवून ठेवा. कुंडी लहान आणि प्लॅस्टिकची घ्या. मातीची कुंडी पावसाळ्यात शेवाळते आणि आठवडेच्या आठवडे ओली राहते.

खुंट

ड्रॅगनफ्रूटची वीतभर, गर्द हिरवी, तीन धारी फांदी. कापलेला भाग आठवडाभर सावलीत सुकवून मग लावा. वरची बाजू वरच राहू द्या. महिन्याभरात मुळं धरतात. टोकाकडून नवी वाढ दिसली की खुंट तयार.

कलम: इथेच सगळं ठरतं

आंब्याचं कलम बांधणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि माझा अनुभव असा की कॅक्टसच्या कलमात तीच सवय आड येते. कोय कलमात आपण साल आणि लाकूड यांमधला थर कडेला कडा लावून जुळवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं गच्च आवळतो. कॅक्टसमध्ये जुळवायची गोष्ट कडेला नसते, मध्ये असते. खोड आडवं कापलं की मधोमध फिकट रंगाचं एक कडं दिसतं. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या त्या कड्यात असतात. खुंटाचं कडं आणि वरच्या तुकड्याचं कडं एकमेकांना कुठेतरी छेदलं पाहिजे. बाकी सगळं बिनचूक झालं आणि हे चुकलं, तर तुकडा तीन आठवडे ताजा दिसतो आणि मग अलगद हातात येतो. मला सगळ्यांत जास्त छळलं ते याच टप्प्यानं, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

हंगाम मार्गशीर्ष ते फाल्गुन. हवा कोरडी असते आणि रात्री फार गार नसतात. ‘ड्रॅगनफ्रूट पावसात जोमानं वाढतं, तेव्हाच कलम करा’ असा सल्ला मिळेल, ऐकू नका. पावसाळ्यात कापलेला भाग सुकतच नाही आणि दोन दिवसांत त्यावर काळी बुरशी चढते. खुंटाला आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी पाणी द्या, म्हणजे तो टपोरा असतो पण कापल्यावर पाणी गळत नाही.

पातं नवं कोरं हवं, ब्लेड किंवा कटर. प्रत्येक कापापूर्वी स्पिरिटनं पुसा. कोयती किंवा स्वयंपाकघरातली सुरी चालणार नाही. ती पेशी चिरडते आणि चिरडलेली जागा सडते.

खुंट टोकापासून तीन-चार बोटं खाली एका दमात आडवा कापा. मधलं कडं कापताना पातं अडखळलं, करकरलं, तर तिथं लाकूड झालं आहे; थोडं वर या. अगदी टोकाचा पोपटी भाग फार कोवळा असतो, तोही नको. मग तिन्ही धारांच्या कडा तिरप्या छाटा. हे टाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची कलमं निसटतात. खुंट सुकताना मधला गर खाली बसतो, पण बाहेरची जाड साल तशीच उभी राहते आणि वरचा तुकडा उचलून धरते. तिरपं छाटलं की हा प्रश्न राहत नाही. छाटणीच्या जवळचे काट्यांचे डोळेही खरवडून काढा, नाहीतर पुढे तिथून खुंटाचे कोंब फुटतात.

आता खुंटाची अगदी पातळ चकती कापा आणि ती तिथंच वर ठेवून द्या. वरचा तुकडा तयार होईपर्यंत खालचा भाग ओला राहतो.

गोल व्हेरिगेटेड पिल्लू (मूळ झाडाला बाजूनं फुटलेलं लहान झाड) असेल तर त्याचं कडं बारीक असतं. ते खुंटाच्या बरोबर मध्ये ठेवलं, तर लहान कडं मोठ्या कड्याच्या आत बसतं आणि दोन्ही कुठेच भेटत नाहीत. म्हणून पिल्लू थोडं एका बाजूला सरकवा. दिसायला वाकडं दिसेल, दिसू द्या.

क्रेस्टचं काम अवघड आहे, कारण त्यात गोल कडं नसतंच. पंख्याचा तुकडा खालून कापला की लांबट, चपटी, कधी नागमोडी रेघ दिसते. आधी ती रेघ कुठं आहे ते नीट पाहा. वळ्यांमुळे ती बहुधा मधोमध नसते. बाहेरचा आकार बघून तुकडा मधोमध ठेवायचा मोह होतो, आणि त्यातच कलम फसतं. रेघ खुंटाच्या कड्यावरून आरपार गेली पाहिजे, म्हणजे दोन ठिकाणी छेद मिळतो. तुकडा दोन-तीन सेंटिमीटर रुंद पुरतो. मोठा घेतला तर खुंट पाजायला कमी पडतो आणि दाबही सारखा बसत नाही. वरची वाढती कड अखंड राहिली पाहिजे. पाचर मारून खाचेत बसवायची पद्धत काही जण दाखवतात. कोकणात ती नको. खाचेत ओल कोंडते.

चकती काढा, तुकडा ठेवा, हलक्या हातानं किंचित फिरवून मधली हवा बाहेर काढा. मग रबर बँड कुंडीखालून घेऊन तुकड्यावरून एकमेकांना आडवे दोन लावा. क्रेस्टच्या कडेवर रबर थेट लावू नका, वाढीची रेघ तिथंच तुटते. मध्ये पॅकिंगच्या फोमचा तुकडा ठेवा. आंब्याच्या कलमाची प्लॅस्टिकची पट्टी इथं अजिबात वापरू नका. तिच्या आत घाम धरतो आणि सांधा कुजतो.

आणि हळद लावू नका. जखमेवर हळद ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट, पण सांध्यात कुठलीही पूड गेली की दोन पेशींच्या मध्ये थर होतो. गंधकही नको. पिल्लू तोडल्यावर मूळ झाडावर जी उघडी जखम राहते, तिथं गंधक किंवा हळद लावायला हरकत नाही.

कुंडी घरात, उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी, पंख्याखाली ठेवा. पहिले तीन दिवस हात लावू नका. गोड रसावर मुंग्या हमखास येतात, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. आठ-दहा दिवसांनी रबर काढा. सांध्यावर पाणी पडू न देता मुळाशी थोडं पाणी द्या. तुकडा तुकतुकीत होऊन फुगू लागला म्हणजे धरलं. दोन आठवड्यांनी सुरकुतला असेल तर वाट बघत बसू नका. उचला, दोन्ही बाजूंनी नवा काप घ्या आणि तेव्हाच परत बसवा. तुकडा ताजा असेल तर दुसऱ्या खेपेला धरतो.

ऊन, पाऊस, वारा

पन्नास टक्के शेडनेट. व्हेरिगेटेड झाड ऑक्टोबरच्या उन्हात पावसाळी मळभातून थेट ठेवलं तर एका दुपारी भाजतं आणि तो डाग जात नाही. आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बाहेर आणा.

मृगाच्या आधी झाडं पारदर्शक छपराखाली गेली पाहिजेत. पडवीत नेऊन ठेवतात बरेच जण. तिथं उजेड कमी पडतो, झाड लांबट फिकट वाढतं, आणि झड यायची ती येतेच. चार खांबांवर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या, पागोळ्यांपासून दूर आणि जमिनीपासून कमरेइतकं उंच फळ्यांचं मांडण हवं. गोगलगायीही मग कमी चढतात. पावसाळ्यात खत बंद. पाणी मात्र पूर्ण बंद करू नका, ड्रॅगनफ्रूटचा खुंट कोरडाठाक ठेवला की वाळतो. उन्हाची उघडीप असेल त्या सकाळी थोडंसं द्या. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात त्या बागेशेजारी मांडण नको, निळे डाग झाडावर कायमचे बसतात. समुद्र दिसत असेल इतक्या जवळ राहत असाल, तर वारं सुटलेल्या दिवसांनंतर झाडांवरचं मीठ गोड्या पाण्यानं सकाळी धुऊन टाका.

देखभाल

क्रेस्टमधून साधी गोल फांदी फुटली तर ती लगेच बुडाशी कापा. व्हेरिगेटेड झाडाला पूर्ण हिरवं पिल्लू आलं तर तेही. सरळ वाढ नेहमी जास्त जोमाची असते आणि दोन हंगामांत ती विकृत वाढीला गिळून टाकते. जीव हळहळतो, तरी कापा. पूर्ण रंगीत पिल्लू आलं तर ते वेगळं कलम करा, मातीत लावू नका.

पिठ्या ढेकूण क्रेस्टच्या वळ्यांत आणि मुळांवर बसतो. वळ्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेला बारीक ब्रश फिरवा, आठवड्यानं पुन्हा. मुळांवर असेल तर माती फेकून द्या, मुळं धुवा, नव्या मिश्रणात लावा.

ड्रॅगनफ्रूटचा खुंट कायमचा नसतो. दोन-चार वर्षांत तो खालून तपकिरी, कठीण होतो आणि वरचं झाड वाढायचं थांबतं. कुजायची वाट न पाहता तेव्हाच वरचा भाग कापून नव्या खुंटावर घ्या आणि एक पिल्लू दुसऱ्या खुंटावर राखीव ठेवा. त्यासाठी खुंट हाताशी हवेत. ड्रॅगनफ्रूटची फळं दिवाळीच्या सुमारास संपतात आणि बागायतदार छाटणी करतात; तेव्हा मागितल्या तर फांद्या फुकट मिळतात. त्या लगेच सुकवून लावल्या तर माघापर्यंत कलमाला तयार होतात.