जळगाव ते मुंबई : विमानाचा एक तास खरा किती?

जळगावहून मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर, विमानाच्या सरळ रेषेत ३५० च्या आसपास. तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसतो, पण हिशोब घराच्या उंबरठ्यापासून करा. विमानतळ कुसुंब्याला, गावापासून जवळच; तरी उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी पोहोचायचंच. मुंबईत उतरल्यावर बॅगेची वाट पाहण्यात अर्धा तास, पुढे टॅक्सी. परळ-दादर गाठेपर्यंत घरून निघाल्याला चार-पाच तास सहज होतात. रेल्वेला सहा-सात तास लागतात, पण रात्री झोपलात की पहाटे थेट दादर किंवा कल्याण. परळच्या दवाखान्यात सकाळचा नंबर असेल तर मी आई-वडिलांना रात्रीच्या गाडीनेच नेतो, खालचा बर्थ घेऊन. काम अंधेरी-विलेपार्ल्याला असेल, किंवा पेशंटला जास्त वेळ बसवत नसेल, तर मात्र विमानच घ्या.

विमान रोज असेलच असं धरू नका. जातानाचं तिकीट काढण्याआधी परतीचा वार बघा. आणि केळीचा घड नि पापडांचा डबा न्यायचा असेल तर घरीच वजनकाट्यावर ठेवा, काउंटरवर जादा वजनाचे पैसे पडतात.