सिंहगडचे फोटो मऊ का येत होते
दोन पावसाळे सिंहगडावर जाऊन मी तेच करायचो, लेन्स १८ एमएमला, म्हणजे रुंद दृश्य, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ २२ इतकं बारीक, म्हणजे सगळं शार्प येईल असं वाटायचं, आणि घरी येऊन बघावं तर सगळं मऊ मऊ, खडकवासल्याचं पाणी नखाएवढं. लेन्सला उगाच शिव्या घातल्या. मग कळलं, एवढं बारीक ॲपर्चर केलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, डिटेल जातो. आता भोक जरा मोठं, एफ ८ नाहीतर ११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, आणि कॅमेरा हलू नये म्हणून ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. ओल्या पानांवरची पांढरी चमक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) फिरवला की जाते आणि हिरवा असा काही उठतो ना! परवा तर गडावर गेलोच नाही, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एका बाभळीपाशी तासभर बसलो, काट्याच्या टोकाला थेंब लटकलेला, तेवढाच फोटो. बायको म्हणते, एवढ्यासाठी पाचला उठलास?