ई-इंक टॅब्लेट घेण्याआधी तिरकी रेघ मारून बघा

ई-इंक टॅब्लेट म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर पेनाने लिहायची इलेक्ट्रॉनिक वही. आधी तिचा आकार. स्केचिंगसाठी 10 इंचांच्या आसपासचा पडदा हवा. नुसती टिपणं काढायची तर 7.8 इंचही पुरतो. रंगाचा मोह आवरा. कॅलिडो 3 या रंगीत ई-इंक पडद्यावर काळं-पांढरं 300 पीपीआयने (इंचाला 300 ठिपके) दिसतं, रंग मात्र 150 ने, आणि रंगगाळणीमुळे कागद कायम ढगाळलेला वाटतो. रात्री लिहिणार असाल तर फ्रंटलाइट, म्हणजे पडदा उजळणारा आतला दिवा, आहे का बघा, कारण रीमार्केबल 2 सारख्या टॅब्लेटमध्ये तो नाहीच.

आता पेन. इथेच मी फसलो होतो. दुकानात झरझर दहा सह्या ठोकल्या, रेघ पेनाबरोबर पळत होती, खूश होऊन टॅब्लेट घरी आणला. पहिलं घराचं चित्र काढायला घेतलं, तर छपराची रेघ सापासारखी. महिनाभर मी माझ्याच हाताला दोष दिला.

दोष हाताचा नव्हता. यातल्या बहुतेक पेनांना बॅटरी नसते. पडद्यामागे तारांची जाळी असते आणि ती चुंबकीय क्षेत्रावरून पेनाची जागा ओळखते. दोन तारांच्या मधली जागा हिशेबाने काढावी लागते. तो हिशेब कच्चा असला की संथ, तिरकी रेघ थरथरते. वेगात लिहिताना हे झाकलं जातं, म्हणून सही ही परीक्षाच नव्हे.

खरी परीक्षा अशी: पट्टी तिरकी ठेवा आणि पाच-सहा रेघा अगदी सावकाश ओढा, एकेकीला दहा सेकंद लागू द्या. पट्टी प्लॅस्टिकचीच घ्या, धातूची या मोजणीत लुडबूड करू शकते. मग हेच कडेपाशी करा, कव्हर लावून पुन्हा करा; कव्हरमधल्या लोहचुंबकानेही रेघ वाकलेली मी पाहिली आहे. थोडी थरथर सगळीकडेच असते. पण लाट हातभर अंतरावरून दिसत असेल तर टॅब्लेट परत ठेवा. ‘अपडेट आलं की सुधारेल’ या आश्वासनावर पैसे टाकू नका.

पेन किती दाबला हे ओळखणाऱ्या 4096 दाबपातळ्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये. पेन जेमतेम टेकवून फिकी छटा उमटते का, एवढंच बघा. तळहात पूर्ण टेकवून लिहा. देवनागरीत लांब शब्दावर शिरोरेषा ओढा. ती अक्षरांना चिकटत नसेल, तर टोक आणि शाई यांच्यात अंतर आहे.

खोडल्यावर मागे भुतासारखी छाया उरते, ती पडदा रिफ्रेश केल्यावर जायला हवी.

खरखरीत पडद्यावर पेनाची मऊ टोकं झिजतात, तेव्हा सुटी टोकं सहज मिळतात ना, विचारून घ्या. सुपरनोट या टॅब्लेटच्या पेनाचं टोक सिरॅमिकचं आहे, तिथे ही कटकट नाही.

शेवटी एक पान पीडीएफ करून स्वतःच्या फोनवर पाठवा, तेही दरमहा वर्गणी न भरता. जमलं नाही, तर तुमची वही त्या कंपनीच्या कपाटात कुलूपबंद आहे.