धरणावर गळ टाकायला जाताना: मित्रांच्या टोळीसाठी एका दिवसाची तयारी

भरीत पार्टी ज्याने केली आहे, त्याला धरणावरचा गळाचा दिवस निम्मा आधीच माहीत असतो. तीच सतरंजी, तीच पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) आग, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी, आणि ऐन वेळी "मीठ कुणी आणलं रे?" हा तोच प्रश्न. फरक एकच आहे. वांगी आपण घरून नेतो. मासा दुसऱ्याच्या शेतातून काढतो.

धरणाला मी शेतच म्हणतो. रोहू, कटला, मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास घडवून आणली, तेव्हापासून हे बीज केंद्रात तयार करता येऊ लागलं. बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, मच्छीमार सहकारी संस्था पैसे मोजून घेते, धरणात सोडते आणि त्यांची राखण करते. त्या संस्थेत भोई, कोळी, भिल्ल समाजातली घरं असतात आणि वर्षाचा हिशेब त्याच पाण्यावर चालतो. केळीच्या बागेत न विचारता शिरून आपण घड कापत नाही. पाण्याला मात्र कुंपण दिसत नाही, म्हणून माणसं विसरतात.

तेव्हा पहिलं काम परवानगीचं. बहुतेक धरणांचा मासेमारीचा ठेका एखाद्या संस्थेकडे असतो. धरणाजवळच्या गावात चहाच्या टपरीवर विचारलं तरी "ठेका कुणाचा" ते कळतं. नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. आठवडाभर आधी दोघांनी जाऊन संस्थेच्या माणसाला भेटायचं. किती जण येणार, किती गळ, कोणत्या काठाला, आणि मासा निघाला तर किलोमागे काय द्यायचं, हे समोरासमोर ठरवायचं. फोनवर ठरलेलं काठावरच्या राखणदारापर्यंत पोहोचतंच असं नाही. धरणाची भिंत आणि दरवाजांचा परिसर पाटबंधारे खात्याचा असतो, तिकडे फिरकायचंही नाही.

हे मी चूक करून शिकलो आहे. कॉलेजात असताना आम्ही पाच जण एका धरणावर न विचारता गेलो. अंधारात गळ टाकले आणि एक गळ पाण्यातल्या जाळ्यात अडकला. मोठा मासा लागला समजून आम्ही जोर लावून ओढत राहिलो. उजाडल्यावर जाळ्याचे मालक तराफ्यावरून आले. साठीचे असतील. ओरडले नाहीत. फाटलेला भाग गुडघ्यावर पसरून त्यांनी एकेक डोळा बोटाने मोजला आणि म्हणाले, "दोन दिवसांचं काम केलं पोरांनो." खिशात होते नव्हते ते पैसे आम्ही दिले, पण त्यांचे दोन दिवस परत देता आले नाहीत. तेव्हापासून संस्थेच्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो जाळी कुठे लावली आहेत, हा.

जागा आणि दिवस

आमच्या जळगाव जिल्ह्याच्या उत्तर बाजूला सातपुड्याच्या पायथ्याने धरणांची रांगच आहे. रावेर तालुक्यात सुकी नदीवरचं गारबर्डीचं धरण, अभोरा, मंगरूळ, यावलकडे मोर. पाणी त्यामानाने स्वच्छ, समोर डोंगर, सकाळी गारवा. पालच्या बाजूला जाणार असाल तर यावल अभयारण्याची हद्द आधी नीट विचारून घ्या, अभयारण्यात मासेमारीला मनाई आहे. तापीवरचं हतनूर मोठं आहे, त्याला एक्केचाळीस दरवाजे आहेत, पण गाळाने बरंच भरलं आहे. हिवाळ्यात तिथल्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यावर, परदेशी बदकं उतरतात. पक्षी बसलेल्या काठाला आम्ही जात नाही. जागा भरपूर आहे, त्यांना उठवायची गरज नाही.

दिवस निवडताना पावसाळा सोडा. तो माशांच्या पैदाशीचा काळ, शिवाय धरणातून पाणी कधी सोडतील याचा नेम नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा मासा सुस्त होतो आणि तळाशी बसतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत माणूसच टिकत नाही. माझ्या मते दिवाळीच्या आसपासचे पंधरा-वीस दिवस आणि मग महाशिवरात्र ते होळी, हाच खरा हंगाम. पहाट ते दहा, आणि पुन्हा चारनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाक.

माणसं सहाच असावीत. आठ झाली की दोन टोळ्या पडतात आणि बोलण्याचा आवाज वाढतो. सहांपैकी निदान दोघांना चांगलं पोहता यायला हवं. एक जण स्वयंपाकाचा, एक गाडीचा. आमच्यात एक मित्र माळकरी आहे. तो गळाला हात लावत नाही, पण येतो दरवेळी, आणि त्याच्यासाठी वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी असते. त्याचं भरीत मात्र सगळे खातात.

आदल्या दिवशीचं काम

गळाचा दिवस आदल्या संध्याकाळी ठरतो, असं मला वाटतं. त्या संध्याकाळी दोघांनी जाऊन जागेवर चारा टाकून यायचा. तेलघाणीवरून शेंगदाण्याची ढेप आणा, दोन किलो पुरते. ती तव्यावर मंद भाजा. शेंगदाणे भाजताना येतो तसा वास आला की उतरवा. कुटून त्यात तेवढाच मक्याचा भरडा आणि काठावरचीच काळी माती मिसळा. माती यासाठी की गोळा तळाला जाईपर्यंत फुटू नये. बाजरीच्या लाडवाएवढे गोळे वळून काठापासून वीस-पंचवीस फुटांवर, एकाच जागी टाका. समोरच्या काठावरचं एखादं झाड खूण म्हणून लक्षात ठेवा, पहाटे तिथेच गळ पडला पाहिजे. सकाळी आणखी चार-पाच गोळे, बस. जास्त टाकाल तर मासा चारा खाऊनच तृप्त होईल.

गळाला लावायचं आमिष वेगळं. गव्हाची कणीक, त्यात एक काळं पडलेलं केळं कुस्करून, चिमूटभर हिंग, थोडी भाजून कुटलेली बडीशेप. केळीच्या पट्ट्यात राहतो आपण, पिकून गेलेलं केळं कुठेही मिळतं. पाणी घालायचं नाही, केळ्याच्या ओलाव्यातच मळायचं. दहा मिनिटं मळल्यावर पीठ बोटांना चिकटायचं थांबतं आणि कानाच्या पाळीसारखं लागतं. तेवढं झालं की ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सैल झालं तर फेकतानाच गळावरून सुटतं. घट्ट झालं तर मासा तोंडात घेतो, पण गळ रुतत नाही. जोडीला शेणखताच्या उकिरड्यातली गांडुळं डब्यात ओल्या मातीसकट घ्या, मृगल आणि सायप्रिनसला (कॉमन कार्प माशाला) ती आवडतात.

सामान फार लागत नाही. रीळवाला रॉड असेल तर उत्तम, नाहीतर बांबूची लवचीक काठी चालते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.३० ते ०.४० मिलिमीटर जाडीचा. छोटे, धारदार गळ, शिशाचे मणी, तरंगा. तरंगा विकतचा असेल तर ठीक. ज्वारीच्या धांड्याचा वाळलेला गाभा बोटभर कापून लावला तरी पाण्यावर सुरेख उभा राहतो. लहानपणी आम्हाला तेवढंच माहीत होतं. काठाशी आलेला मासा उचलायला हातजाळं, गळ काढायला चिमटा, आणि जुनी गोणी.

पाण्याशी

गळ किती खोल सोडायचा हे कोणता मासा हवा त्यावर आहे. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगल आणि सायप्रिनस तळाला. सहा जणांनी सहा वेगवेगळ्या खोलीवर गळ सोडले तर तासाभरात कळतं की आज मासा कुठे आहे. मग सगळ्यांनी त्याप्रमाणे तरंगा सरकवायचा. टोळीने जाण्याचा खरा फायदा हा आहे.

दोघांमध्ये दहा-बारा पावलं अंतर ठेवा. गळ टाकणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, गळ डोळ्यात जायला क्षण लागतो. गाणी बंद. पाय आपटत चालणं तर त्याहून वाईट, कारण काठावरचा हादरा माशाला पाण्यात कळतो. अमळनेरकडचा आमचा मित्र घरून निघताना "गय टाकाले चाल भो!" (गळ टाकायला चल भाऊ!) म्हणून सगळी गल्ली उठवतो, पण काठावर आला की दोन-दोन तास शब्द काढत नाही. ते त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

तरंगा वाचायला शिका. टकटक, टकटक असं बारीक टोचणं चालू असेल तर ती चिलापी (तिलापिया मासा) किंवा बारकी पिल्लं, आमिष कुरतडत आहेत. रोहू येतो तेव्हा तरंगा आधी थरथरतो. मग थांबतो. छाती धडधडायला लागते आणि हात उचलावासा वाटतो. उचलू नका. पुन्हा थरथर होते आणि मग तरंगा तिरका होऊन एका बाजूला सरकू लागतो, पाण्याखाली जातो. आता मनगटाने एक झटका, खांद्याने नाही. "उना रे उना!" (आला रे आला!) कुणीतरी ओरडतंच, तेवढं चालतं. काठी उभी धरा, तंगूस ताणलेला राहू द्या, आणि मासा पळाला तर पळू द्या. दोन-तीन किलोचा रोहू तीन-चार वेळा आत धाव घेतो. दर धावेला तंगूस सोडायचा, तो वळला की गोळा करायचा. तो कुशीवर होऊन रुपेरी पोट दाखवू लागला की शेजाऱ्याने हातजाळं पाण्यात आधीच बुडवून ठेवायचं आणि माशाला त्यावर आणायचं. जाळं घेऊन माशामागे धावलात तर तो तंगूस तोडून जातो.

शिंगाळा किंवा मांगूर लागला तर हात घालू नका. कल्ल्यामागच्या, आणि शिंगाळ्याच्या पाठीवरच्याही, काट्यांनी होणारी जखम रात्रभर ठणकते. गोणीने दाबून चिमट्याने गळ काढा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात धरून ठेवा, ठणका उतरतो. सूज वाढली तर डॉक्टर गाठा. थायी मांगूरवर देशात बंदी आहे, तो इतर मासे खाऊन टाकतो. सापडला तर परत न सोडता संस्थेच्या माणसाला दाखवा. पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली मरळ राखण करत असते. तिथे गळ टाकू नका, राखणारी मरळ गेली तर सगळी पिल्लं जातात. अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला ओल्या हाताने धरून परत सोडायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो.

जिलेटिन, वीजप्रवाह, विषारी पाला यांची भाषा कुणी गमतीतही काढली तर त्याला पुढच्या वेळी नेऊ नका. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

आणि पोहणं नाही. अजिबात नाही. फुगवट्याखाली जुन्या विहिरी आहेत, नाल्यांची पात्रं आहेत, बुडालेली बाभळीची झाडं आहेत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही, आणि गाळात पाय रुतला की पोहणाराही अडकतो. गळ तळाला अडकला तर तंगूस तोडा. दहा रुपयांच्या गळासाठी कुणी पाण्यात उतरायचं नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून फोटो काढायचा मोह होतो, पण तो एका माणसाच्या तोलाचा असतो. दारू त्या दिवशी घरीच राहू द्या. सोबत जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा, आणि ती गाडीत नव्हे, काठावर ठेवा.

चुलीवर

धरणाच्या माशाला चिखलाचा वास असतो. खवले काढून, पोट फाडून, कल्ले काढून टाका; पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका, फुटली तर सगळं कडू. तुकड्यांना बेसन, मीठ आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटांनी धुवा. मग हळद-मीठ लावून ठेवा. कांदे आणि सुक्या खोबऱ्याची वाटी थेट निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजा, लसूण, आलं, कोथिंबीर घालून पाट्यावर वाटा. शेंगदाण्याचं तेल, वाटण, घरचा काळा मसाला, तेल सुटेपर्यंत परतणं, मग गरम पाणी. रस्सा खळखळला की तुकडे सोडा आणि पळी बाजूला ठेवून द्या. पातेलं कडेने धरून हलवायचं, नाहीतर माशाचा चुरा होतो. दहा-बारा मिनिटांत काम होतं. रोहूला काटे फार, त्यामुळे भाकरी हळूहळू खा आणि बोलणं थोडं आवरा.

निघण्याआधी अर्धा तास उजेड असताना सगळ्यांनी काठ फिरायचा. तुटलेल्या तंगूसचा प्रत्येक तुकडा उचलायचा, बगळ्याच्या आणि पाणकोंबडीच्या पायात तो गुंततो आणि पक्षी उपाशी मरतो. विस्तवावर पाणी ओतून राख हाताने चाचपून पाहायची. मग संस्थेच्या वजनकाट्यावर थांबून मासे मोजून द्यायचे, ठरले तेवढे पैसे तिथेच द्यायचे, आणि कुठे काय लागलं ते त्यांना सांगायचं. उद्या पहाटे जाळं कुठे टाकायचं, हे ते त्यावरून ठरवतात.