शंभर रुपयांची कपात

दिल्लीत एका खासदारांकडे संशोधन सहाय्यक म्हणून मी जवळपास वर्षभर काम केलं. मालवणला घरी आले की बाबा एकच विचारायचे, "तू थंय करतंस तरी काय गो?" हल्ली रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजची मुलंही तेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

जाताना माझ्या डोक्यात भाषणं होती. त्यात माझा दोष थोडा, गावाचा जास्त. 1957 पासून 1991 च्या निवडणुकीपर्यंत राजापूर मतदारसंघानं आधी बॅ. नाथ पै आणि मग मधू दंडवते एवढीच दोन माणसं लोकसभेत पाठवली. त्यांच्या भाषणांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मुलीला संसद म्हणजे वक्तृत्व स्पर्धाच वाटणार. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या साहेबांसाठी दहा पानी भाषण लिहिलं. पण बोलायची वेळ पक्षाच्या सदस्यसंख्येवरून वाटून दिली जाते. आमच्या वाट्याला चार मिनिटं आली आणि दहातलं दीड पान वापरलं गेलं.

त्याहून मोठी फजिती पहिल्या प्रश्नाची. आमचं घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्यांचं. मी तावातावानं लिहिलं की बारा सागरी मैलांच्या आत मोठ्या जाळ्यानं मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनच्या बोटी घुसतात, त्यावर सरकार काय करतंय? प्रश्न स्वीकारलाच गेला नाही. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय, 21 वी नोंद. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी मात्र केंद्राच्या सूचीत, 57 वी नोंद. म्हणजे किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंतची तक्रार मुंबईला न्यायची आणि त्यापुढची दिल्लीला. मासळीला ही रेघ ठाऊक नसते, पण प्रश्न लिहिणाऱ्याला असलीच पाहिजे. दुसऱ्या खेपेला बारा मैलांपलीकडच्या एलईडी मासेमारीबद्दल, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्याबद्दल, विचारलं. त्यावर केंद्रानंच नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातलेली, त्यामुळे उत्तर द्यावंच लागलं.

नवख्यानं अतारांकित प्रश्नापासून सुरुवात करावी. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न वीसच, तेही सोडतीनं, आणि तासाभरात त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अतारांकित 230 असतात. त्यांचं उत्तर लेखी येतं, आकड्यांसकट, आणि कायम राहतं. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यायची, हे कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

आता विधेयक. ते हातात आलं की पहिल्या कलमापासून वाचायला बसू नका, शेवटची पानं आधी उघडा. तिथे कायदा कशासाठी आणला याचं निवेदन असतं, खर्च किती येईल याचं टिपण असतं, आणि नियम करायचे अधिकार सरकारला कुठे कुठे दिलेत याचंही टिपण असतं. मी हे तिसरं टिपण आधी वाचायला शिकले. संसद प्रत्यक्ष किती ठरवतेय आणि मंत्रालयावर किती सोपवतेय, ते तिथे उघडं पडतं.

सभागृहात सर्वसाधारण चर्चा झाली की कलमवार मतदान होतं आणि ते कलम दोनपासून सुरू होतं. पहिल्यांदा टीव्हीवर पाहताना मला वाटलं, आपलं एक कलम हुकलं, आणि मी भराभरा पानं उलटत बसले. कायद्याचं नाव सांगणारं कलम एक सगळ्यात शेवटी घेतात. बहुतेक वेळा आवाजी मतदान असतं. 'हो'चा आवाज मोठा की 'नाही'चा, ते अध्यक्ष कानानं ठरवतात. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिलेल्याला हे नवीन नाही. तिथेही लिलाव पुकारणाऱ्याला बोली कुठून येणार ते बरंचसं आधीच माहीत असतं. पण एखाद्या सदस्यानं तो कौल अमान्य करून मतविभागणी मागितली की घंटा वाजते, साडेतीन मिनिटं. मग दारं बंद होतात आणि बटणं दाबली जातात: हिरवं बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं, ते अशाच मोजणीत.

1985 च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणं म्हणजे खासदारकी धोक्यात घालणं. त्यामुळे भाषण ऐकून कुणाचं मत फिरेल ही आशा सोडून द्या. मग हा सगळा खटाटोप कशाला, असं मलाही पहिले दोन महिने वाटत होतं. उत्तर स्थायी समितीत, म्हणजे खात्यांचं काम बारकाईनं तपासणाऱ्या खासदारांच्या समितीत, सापडलं. तिथे पक्षादेश चालत नाही, कॅमेरे नसतात, आणि सत्ताधारी पक्षाचा सदस्यही सचिवांना नेमकं विचारतो. बैठक बंद दाराआड होते, पण अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतो. मला विचाराल तर दहा भाषणांपेक्षा एक अहवाल वाचलेला बरा.

पैशाचा भाग मात्र मला सगळ्यात जास्त आवडला. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, वाहिन्यांवर दिवसभर चर्चा होते, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक खात्याचा खर्च 'अनुदानाची मागणी' म्हणून लोकसभेपुढे येतो. राज्यसभा चर्चा करते, मागण्यांवर मत देत नाही. राष्ट्रपतींचं वेतन, न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज असला खर्च एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित (आधीच बांधलेला) असतो, त्यावर लोकसभेतही मतदान नाही. उरलेल्या मागण्यांना सदस्य कपात सूचना देऊ शकतो. तिचे प्रकार तीन. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा. काटकसर हवी तर अमुक रक्कम कमी करा. आणि एखादं विशिष्ट गाऱ्हाणं मांडायचं असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा.

मी मत्स्यव्यवसाय खात्याच्या मागणीवर शंभर रुपयांची सूचना लिहून दिली, लहान बंदरांतल्या गाळाबद्दल. फोनवर बाबांना अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "शंभर रुपयांत गाळ काढूक डिझेल तरी येतला?" त्यांना समजावता समजावता मलाच ती गंमत नीट कळली. रक्कम मुद्दाम क्षुल्लक ठेवतात. एवढीशी कपात जरी सभागृहानं मंजूर केली तरी सरकारवरचा विश्वास उडाला असा तिचा अर्थ होतो, म्हणून सरकार ती मंजूर होऊ देत नाही.

आमच्या सूचनेवर चर्चा झालीच नाही. शंभराच्या आसपास मागण्यांतून चार-पाच मंत्रालयं चर्चेला घेतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला उरलेल्या सगळ्या एकदम मतास टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. 2018 च्या मार्चमध्ये तर सगळ्याच मागण्या चर्चेविना अशा मंजूर झाल्या होत्या. आमच्या वेळी गिलोटिनच्या संध्याकाळी सगळ्या कपात सूचना एकत्र मतास टाकल्या आणि एका आवाजात फेटाळल्या. पाठोपाठ विनियोजन विधेयक आलं. ते मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. मी ऑफिसात टीव्हीसमोर गार झालेला चहा घेऊन बसले होते. रात्री बाबांचा फोन: "मगे, गेले शंभर रुपये?"

या कामाचा एक रस्ता म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप. पदवी कुठल्याही शाखेची चालते, वयाची अट मात्र आहे. पावसाळी अधिवेशनाच्या आधी सुरू होऊन ती अर्थसंकल्पी अधिवेशनाबरोबर संपते. इंग्रजीची भीती धरू नका. आकड्यांची भीती असेल तर ती मात्र घरीच घालवून या. त्यासाठी मत्स्यव्यवसाय खात्याची मागणी उघडा आणि एकाच योजनेचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. सुधारित आकडा मूळपेक्षा खाली आलेला दिसला की थांबा. तुमचा पहिला प्रश्न तिथेच आहे.